सासूबाई विमानात बसतात

आम्ही घाटकोपरची माणसे. विमान ही वस्तू आम्हांला नवी नाही. पूर्वेकडून उतरायला येणारी विमाने आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात, की बाहेर आलेली चाके स्पष्ट दिसतात. फोनवर बोलता बोलता आम्ही मध्येच गप्प होतो, विमान जाऊ देतो आणि राहिलेले वाक्य पुरे करतो. नवख्या माणसाला वाटते, या घरातली माणसे फार विचार करून बोलतात.

अशा या घरात पन्नासाहून अधिक वर्षे संसार केलेल्या आमच्या सासूबाई मात्र गेल्या वर्षापर्यंत कधी विमानात बसल्या नव्हत्या. त्यांनी विमाने पाहिली ती खालूनच. पण पाहिली मात्र मन लावून, आणि त्याला कारण होते.

१९७७ साली मामंजी दुबईला गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, आखातात पैशाचा पूर आला, आणि आपल्याकडच्या फिटर, वेल्डर, सुतार मंडळींना तिकडून बोलावणी येऊ लागली. मामंजी फिटर. जबेल अलीला तेव्हा नवे बंदर बांधले जात होते. १९७९ साली ते सुरू झाले. सांताक्रूझच्या विमानतळावर त्यांना पोचवायला चाळीतली सतरा माणसे गेली होती. हार, नारळ, पेढे, रडणे, सगळे यथासांग झाले. मात्र त्यांचे विमान नक्की कोणते, हे बाहेर उभ्या असलेल्या कोणालाच कळेना. म्हणून मंडळींनी दोन विमानांना हात हलवले आणि परत आली. सासूबाईंच्या कडेवर तेव्हा आमचे हे होते. वय वर्षे तीन.

नऊ वर्षे मामंजी तिकडे होते. दर दिवाळीला सासूबाई कोणीतरी जाणारा गाठीत आणि त्याच्याबरोबर अनारशांचा डबा धाडीत. उत्तरादाखल कधी पत्र येई, कधी मामंजींच्या आवाजातली कॅसेट. त्यातली एक अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यात हवापाणी, पगार, मुलांचा अभ्यास हे सगळे सांगून झाल्यावर शेवटी ते म्हणतात, "अनारसे पोचले. तीन मोडले होते. तेही खाल्ले."

१९८६ साली मामंजी कायमचे परत आले आणि २०२३ साली गेले. धाकटे भाऊजी आता नोकरीनिमित्त दुबईलाच असतात. ते कितीतरी वर्षे आईला बोलावीत होते, आणि "यांना एकटं टाकून कशी येऊ?" हे सासूबाईंचे ठरलेले उत्तर असे. ते उत्तर आता उरले नव्हते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, गणपती उठल्यानंतर एका सकाळी गवार मोडता मोडता त्या म्हणाल्या, "अगं, धाकट्याला कळव. दिवाळीला येते म्हणावं. ते बंदर एकदा बघून येते."

वय चौऱ्याहत्तर. यांना रजा नव्हती, मुलीची परीक्षा होती. तेव्हा जायचे ते एकटीनेच. म्हणून म्हणते मैत्रिणींनो, मी दोन नणंदांची लग्ने उभी केली आहेत, पण एका सासूबाईंना एका विमानात बसवण्याइतकी तयारी मी आयुष्यात केली नाही.

पहिला धडा नावाचा. आपल्याकडे बाईमाणसाला नावे फार. माहेरचे एक, सासरचे एक, रेशनकार्डावर तिसरे आणि आधारकार्डावर लिहिणाऱ्याच्या लहरीप्रमाणे चौथे. तिकिटावरचे नाव मात्र पासपोर्टावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. शिवाय पासपोर्टात नावाचा आणि आडनावाचा असे दोन रकाने असतात; २०२२च्या नोव्हेंबरात अमिरातीने असा नियम केला, की नुसते एकच नाव असलेल्या पासपोर्टावर पर्यटक म्हणून आत येता येणार नाही. आमच्याकडे दोन्ही रकाने भरलेले निघाले. पण जुन्या पासपोर्टांत एक रकाना मोकळा असलेल्या आजीबाई आपल्या आळीत निघू शकतात, म्हणून सांगितले. पासपोर्टाची मुदतही पोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. पूर्वी देश सोडताना एक कागद भरावा लागे, तो मात्र आपल्या नागरिकांपुरता १ जुलै २०१७ पासून बंद झाला आहे. सासूबाईंनी त्याच्यासाठी घेऊन ठेवलेले नवे पेन शेवटी रांगोळीच्या वहीला लागले.

दुसरा धडा आमच्या ह्यांनी स्वतःच्या खर्चाने शिकवलेला आहे. विमानतळ म्हटले की यांच्या डोळ्यांपुढे सांताक्रूझ येते. काही वर्षांपूर्वी नागपूरला जायचे होते. देशातल्या देशात जायचे म्हणजे सांताक्रूझच, असे म्हणून हे रुबाबात टर्मिनल एकवर उतरले. विमान होते सहारच्या टर्मिनल दोनवरून! देशातली कित्येक विमानेही तिथूनच सुटतात, हे तिकिटावर छापलेले होते. पण तिकीट वाचायचे असते ते बायकोने. नकाशात ही दोन्ही टर्मिनले शेजारी शेजारी दिसतात, कारण दोन्हींच्या धावपट्ट्या सामाईक आहेत. धावपट्टी ओलांडून काही जाता येत नाही. महामार्गाने वळसा घालून हे पोचेपर्यंत काउंटर मिटलेले. देशातल्या विमानाचे काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात. परदेशचे त्याहूनही आधी. आणि आता तर तिसरी भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटू लागली. तेव्हा तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून निघू नका. त्याच्यापुढे काय आहे तेही वाचा. घाटकोपरहून सहार आणि घाटकोपरहून उलवे यांत एक अख्खी खाडी आहे.

सासूबाईंना वाटेची भीती नव्हती, पण "तिथं आत काय असतं ते बघायला मिळालं असतं तर" असे त्या दोनदा म्हणाल्या. आत काही आपल्याला सोडत नाहीत. पण दारापर्यंत जायला कोणाची बंदी आहे? मी ठरवले की रंगीत तालीम करायची. एका मंगळवारी दुपारी आम्ही दोघी घाटकोपरला मेट्रोत बसलो. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका, आणि मग मरोळनाका. तिथे उतरून भुयारी मेट्रो धरली की पुढचेच स्थानक टर्मिनल दोनचे. ही भुयारी गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी याच प्रवासाला साकीनाक्याच्या कोंडीत जीव नकोसा व्हायचा. जाता जाता एक सांगते. घाटकोपर-अंधेरी मेट्रोवर मरोळनाक्याच्या पुढे 'एअरपोर्ट रोड' नावाचे स्थानक आहे. नावाला भुलून तिथे उतरू नका. तिथून विमानतळ बॅगा ओढत गाठण्याजोगा नाही. आमच्या एका आतेभावाने ती चूक केली आहे आणि अजून तो ती मान्य करत नाही.

टर्मिनल दोनच्या दारापुढे सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. ते वरचे छत, मोराच्या पिसाऱ्यासारखे उमलत गेलेले पांढरे खांब, ट्रॉल्यांवर डोंगर रचून चाललेली माणसे. हार घालणारे कोणी नव्हते. मला वाटले, घाबरल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या वेळी एवढं नव्हतं गं. पण रडणारी माणसं तश्शीच दिसतात." मग आम्ही तिथल्याच एका दुकानात चहा घेतला. त्याची किंमत ऐकून त्यांनी कप घरी नेता येतो का, असे विचारले.

आता मुख्य गोष्ट. बॅग.

वजनाचे म्हणाल, तर तिकिटावर जे किलो लिहिलेले असतात तेच खरे. शेजारणीची जाऊ किती घेऊन गेली होती ते खरे नव्हे. आणि एकेका बॅगेचे वजन ३२ किलोंवर गेले, तर पैसे भरतो म्हटले तरी ती बॅग कोणी घेत नाही, कारण ती उचलणाऱ्यालाही कंबर असते. आम्ही घरच्या वजनकाट्यावर आधी यांना नुसते उभे केले, मग बॅग घेऊन उभे केले आणि वजाबाकी केली. पहिल्या वजाबाकीत सासूबाईंची बॅग पस्तीस किलो भरली. आत दोन किलो पोहे होते. "तिकडं मिळत नसतील," म्हणे. दुबईत! मी भाऊजींना फोन लावून दिला. तिकडे पोहे चार तऱ्हेचे मिळतात, हे मुलाच्या तोंडून ऐकल्यावरच ते बाहेर निघाले.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढाव्या लागल्या. हे मलाही नवीन होते. सुके खोबरे तेलकट. कोंदट जागी ते आपसूक तापत जाऊन पेटू शकते, म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक वस्तूंत धरतात. तूप, लोणचे, चटणी हे हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर गेले की द्रवपदार्थ म्हणून काढून घेतात. तेव्हा तुपाचा डबा नीट बांधून मोठ्या बॅगेत टाकावा. फोन चार्ज करण्याची ती विटेसारखी बॅटरी मात्र उलट: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. आणि अडकित्ता हातात चालत नाही! सासूबाईंच्या हातपिशवीत पानाचा डबा होता, डब्यात माहेरचा अडकित्ता. विड्याची पाने तर अमिरातीत नेऊच देत नाहीत. "मग अडकित्ता नेऊन करू काय?" असे म्हणून त्यांनी तो स्वतःच कपाटात ठेवला. पानाशिवाय दोन महिने काढायचे या विचाराने नंतर अर्धा दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

पण हे काहीच नव्हे. जायच्या चार दिवस आधी मी भाऊजींना फराळाची यादी वाचून दाखवत होते. चकल्या, शेव, चिवडा, करंज्या, अनारसे. भाऊजी एकदम म्हणाले, "वहिनी, अनारशाला खसखस लावली आहे?"

म्हटले, "भाऊजी, अनारशाला खसखस नाही लावायची तर काय लावायचं?"

"एकही दाणा आणू नका. इथं ती अफूत धरतात. माणूस सरळ तुरुंगात जातो."

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे सरकारी परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची लागवड होते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत, आणि बोंडातले बी खुशाल वाण्याच्या दुकानात येऊन आपल्या डब्यात जाऊन बसते. आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि आपल्या कायद्यात वावगे नाहीही. पण अमिरात, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे खसखस हे निषिद्ध बी आहे. तिथे 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर चालत नाही, आणि 'मी सत्तरी ओलांडलेली आजी आहे' हेही चालेलच असे नाही.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एकेचाळीस अनारसे निथळत ठेवले होते. तांदूळ तीन दिवस भिजवलेला, रोज पाणी बदललेला, सावलीत सुकवून कुटलेला, गुळात मुरवलेला. प्रत्येकावर खसखशीची जाळी अशी, की छापून काढावी. सासूबाई झारा हातात घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, फार दिवसांनी समाधान होते.

मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"मी नऊ वर्षं पाठवले," त्या म्हणाल्या. "कुणी पकडलं नाही."

"आई, तेव्हाचं मला माहीत नाही. पण आता पकडतात."

"तुला कोणी सांगितलं? धाकट्यानं? तो लहानपणापासून भित्रा."

मग त्यांनी एक अनारसा उचलला आणि बोटाच्या नखाने खसखस खरवडू लागल्या. थोडी निघाली, थोडी राहिली. तळलेली खसखस कुठे निघते! त्या खरवडत राहिल्या आणि मी बघत राहिले. शेवटी मी म्हटले, "आई, एक दाणा राहिला तरी तुम्हांला तिथं अडवतील. तुम्हांला तिथली भाषा येत नाही. भाऊजी बाहेर उभे असतील आणि त्यांना आत यायला मिळणार नाही. मी इथं. काय करायचं?" माझा आवाज चढला असावा, कारण मुलगी अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी झारा खाली ठेवला आणि त्या उठून देवघरात गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

खोटे कशाला बोलू, मलाही झोप लागली नाही. आणि त्या जागरणात आठवले, की अनारशावरची खसखस डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारी किती असेल! मध्यरात्री उठून दिवा लावला. करंजीच्या सारणात भाजलेली खसखस. डिंकाच्या लाडवांत खसखस. गोड्या मसाल्याच्या पुडीत खसखस. मी एकेक डबा बाहेर काढून ओट्यावर मांडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "तो लाडूचा डबा पण काढ. त्यात आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. आम्ही दोघींनी रात्री दोन वाजता सगळी बॅग उपसली. मग त्यांनी विचारले, "अनारशाच्या पिठात नाही ना गं खसखस?"

"पिठात कुठली? तांदूळ आणि गूळ."

"मग पीठ नेते. अर्धं शिल्लक आहे. तिथं जाऊन तळीन. वर तीळ लावीन." जरा थांबून म्हणाल्या, "तीळ चालतात ना त्यांना?"

एकेचाळीस अनारसे दुसऱ्या दिवशी इमारतीत वाटले गेले. दिवाळीच्या आठवडाभर आधी अनारसे आले म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, काही आनंदाची बातमी आहे का, हे विचारायला वर आल्या.

त्याच काकूंमुळे दुसरे संकट उभे राहिले. त्यांचा भाचा शारजात असतो. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी एक पुडके आणून दिले. वर चिकटपट्टी, आत काय ते विचारायची सोय नाही. नियम साधा आहे: बॅग आपली, तर आतल्या प्रत्येक वस्तूचा जाब आपणच द्यायचा, दुसऱ्याचे न उघडलेले काही घेऊ नये. मी तसे हळूच सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, मी नऊ वर्षं परक्यांच्या बॅगांतून डबे धाडले. कोणी मला नाही म्हटलं नाही. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही फारसे नाही. पण सासूबाईंनी काय केले, तर पुडके घेऊन त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेल्या, काकूंच्या समोर बसल्या, "मला डोळ्यांनी दिसू दे, म्हणजे मला तिथं सांगता येईल," म्हणून ते त्यांच्याच हातांनी उघडवले. आत मेतकूट, चार भाकरवड्या आणि अर्धा किलो गोडा मसाला. भाकरवडीतही खसखस घालतात, हे सांगायला नकोच. मेतकूट गेले, बाकीचे राहिले. काकू दोन दिवस फुगल्या होत्या. पण खसखशीचे ऐकल्यावर त्यांनीच इमारतभर ते सांगितले, त्यामुळे मला हा लेख लिहायची खरे तर गरज उरली नाही.

औषधांचे थोडक्यात सांगते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. मोठी बॅग चुकून दुसऱ्या गावाला गेली तर गोळ्या जाऊ नयेत. आणि आपल्याकडची सगळीच औषधे तिकडे चालत नाहीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध तिथे परवानगीवाचून नेता येत नाही. सासूबाईंच्या बाटलीवरची बारीक अक्षरे मी भिंग लावून वाचली आणि बाटली घरीच ठेवली. खडीसाखर आणि लवंग दिली. दागिने अंगावर जास्त असले, तर जातानाच सीमाशुल्क कचेरीत नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना वाद होत नाही. सासूबाईंनी दोन बांगड्या ठेवून बाकी सगळे माझ्याकडे दिले. देताना मोजून दिले.

राहता राहिली चाकाची खुर्ची. ती आधी कळवून ठेवावी लागते. मी कळवली होती आणि ते सांगायचे धाडस आदल्या रात्री केले. "मी काय आजारी आहे?" हे अपेक्षितच होते. चालता येत असून केवळ रांग चुकवायला ती खुर्ची अडवणारी मंडळी असतात, आणि खरा गुडघेदुखीचा माणूस ताटकळतो, हे मला पटत नाही. पण सासूबाईंचे गुडघे मला ठाऊक आहेत. रंगीत तालमीच्या दिवशी घरी येऊन त्यांनी दोन वेळा तेल लावून घेतले होते. त्या टर्मिनलात दारापासून विमानापर्यंत चालणे म्हणजे घाटकोपरची बाजारपेठ दोनदा फिरण्यासारखे. मी एवढेच म्हटले, "खुर्ची पायांसाठी नाही आई. बरोबरचा माणूस वाट दाखवील." त्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

विमान सकाळी दहाचे. परदेशच्या विमानाला तीन तास आधी जावे म्हणतात, आणि दिवाळीच्या तोंडावर साकीनाक्याचा भरवसा कोणी द्यावा, म्हणून आम्ही सव्वापाचला निघालो आणि सहाच्या आत पोचलो. बॅगा होत्या, म्हणून टॅक्सी. मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत सगळे क्रमाने लिहून दिले होते: आधी पासपोर्ट आणि तिकीट दाखवून आत, मग मोठी बॅग द्यायची आणि तिची पावती जपायची, मग पासपोर्टावर शिक्का, मग फोन, बॅटरी ट्रेमध्ये ठेवून तपासणी, मग दार. खाली भाऊजींचा आणि माझा नंबर. फोनची बॅटरी संपली तर कोणालाही कागद दाखवता यावा, म्हणून तेच इंग्रजीतही.

दाराशी खुर्ची घेऊन एक पोरगेला मुलगा आला. "आजी, बसा," म्हणाला. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "गाव कुठलं रे तुझं?"

"संगमेश्वर."

"संगमेश्वरात कुठं?"

पुढचे आम्हांला नीट ऐकू आले नाही. पण सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि तो मुलगा ढकलता ढकलता खाली वाकून काहीतरी सांगत होता. दारातल्या जवानाने पासपोर्ट पाहिला, चेहरा पाहिला आणि त्या आत गेल्या. मागे वळून पाहिले नाही. हे माझ्या शेजारी उभे होते. एकदम म्हणाले, "मला वाटतं, बाबांच्या वेळचं मला आठवतंय. पण तीन वर्षांच्या मुलाला कसं आठवेल?" मग चष्मा पुसत बसले. कडेवर बसून त्यांनी त्या दिवशी विमान पाहिले, ते नक्की कोणते, हे तेव्हाही कोणाला ठाऊक नव्हते.

घरी येऊन आम्ही तिघे गच्चीवर गेलो. आमच्यावरून जाणारी विमाने उतरणारी. चढणारी बहुधा समुद्राच्या बाजूने जातात, हे यांनीच मला समजावून सांगितले. तरी साडेदहापर्यंत उभे होतो.

दुबई मुंबईहून तीनएक तासांवर, आणि तिथले घड्याळ आपल्यामागे दीड तास. भाऊजींचा फोन दोनच्या सुमाराला आला. पोचल्या होत्या. बॅग तिथे उघडायला लावली होती. त्या पिठाच्या गोळ्यावरून दोन अधिकाऱ्यांत बरीच चर्चा झाली, वास घेतला, यंत्रातून पाहिला, आणि मग जाऊ दिले. सासूबाईंनी म्हणे त्या वेळी पत्रिकेच्या पाठीवरचा कागद पुढे केला होता, त्यात पिठाबद्दल एक अक्षर नव्हते तरी.

नंतरचे चार दिवस फोन आला की नातवंडांचेच बोलणे. पाडव्याच्या संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतः मला बोलावले.

"बंदर बघितलं गं. आत नाही सोडत, लांबूनच. समुद्राकाठी गाडी थांबवली धाकट्यानं. क्रेनीच क्रेनी. एवढं मोठं असेल असं हे कधी बोलले नाहीत. कॅसेटीत सुद्धा नाही."

मी विचारले, "आणि अनारसे?"

"पहिले दोन हसले. तेलात पसरून पार भुगा झाला. इथला गॅस मला कळेना. तिसऱ्यापासून जमले." मध्येच आमच्यावरून एक विमान गेले. मी थांबले, त्याही तिकडे थांबल्या, सवयीने. मग म्हणाल्या, "तिळाचे काही खरे नाहीत. मी डिसेंबरात येते आहे, वाण्याकडून पावशेर खसखस आणून ठेव. चांगली निवडून घे, गेल्या वेळी खडे होते."